टोपी

जुहूच्या विमानतळावर सकाळी सातला
समुद्र फक्त वासानं कळतो.
जानेवारीतला मळकट धुरळा,
पाण्यात राख कालवावी तसा.
टॉवर नाही म्हणतो. आम्ही चहा पितो.
साडेनवाला धुरळा जरा वर सरकतो,
लांबवरचं दिसू लागतं,
तेव्हा कुठे उडायची परवानगी,
आणि तेव्हाच कॅप्टन कुटिन्हो
माझ्या कपाळावर प्लास्टिकचं झाकण चढवतात,
मला काहीही दिसू नये म्हणून.
"घातली तुला टोपी," म्हणतात, दर वेळी,
आणि दर वेळी एकटेच हसतात.

टोपीखाली उरतात सहा तबकड्या.
मधलीत वाटीएवढं आभाळ, अर्धं निळं,
खाली वाटीएवढी तपकिरी जमीन.
"तुझी मुंबई आता एवढीच."

"डोळे मीट. मान खाली."
ते विमान वळवतात, इतकं सावकाश
की दूधसुद्धा सांडू नये.
"घे. तुझं."
माझं अख्खं अंग शपथेवर सांगतं, आपण सरळ आहोत.
तबकडीत क्षितिज तिरकं,
भिंतीवर कलंडलेल्या फोटोसारखं.
मी ते सरळ करते
आणि अंग ओरडतं, पडलीस, डावीकडे पडलीस.
मान आपोआप कलते. ते बोटानं सरळ करतात.
"पेडणेकर, कान म्हणजे दोन थेंब पाणी.
दोन थेंबांचं काय ऐकतेस?"

आईच्या कानातले खडे सुटलेत.
कूपरच्या ओपीडीत डॉक्टरीण म्हणाली,
बारीक असतात, चुन्याचे, सगळ्यांच्याच कानात.
आईला चेष्टा वाटली.
रिक्षात म्हणाली, छप्पन्न वर्षं तांदूळ निवडले,
आणि खडे इथे होते होय.

त्याच आठवड्यात पोळी उलटताना
तिनं ओट्याची कड धरली, बोटं पांढरी पडेपर्यंत.
मला चक्कर नाही गं, म्हणाली, घर फिरतंय.
मी म्हटलं, एकाच वस्तूकडे बघ. घड्याळाकडे बघ.
"ते पाच मिनिटं पुढे आहे."
"असू दे. फिरत नाहीये ना?"
बघत राहिली. तव्यावरची पोळी करपली.

कुटिन्होंना हे सांगितलं, तर त्यांनी
पुठ्ठ्याचा तुकडा काढला
आणि माझं वाटीएवढं आभाळच झाकलं.
"हे मेलं. आता?"
आता वेगाच्या काट्याला उंचीचा काटा विचारायचा,
उंचीच्या काट्याला दिशेचा,
जशा चाळीत चार जणींना विचारून
पाचवीचं खरं काढतात.
एकीवरच भिस्त ठेवायची नाही,
कितीही गोड बोलत असली तरी.

दुपारी सिम्युलेटर. एसीची खोली,
दृश्यमानता साडेपाचशे मीटर, धावपट्टी सत्तावीस.
खाली घाटकोपर असणार. मग कुर्ला असणार.
असणार, असणार, म्हणत उतरायचं,
दोन सुया मध्यावर धरून,
श्वाससुद्धा मोजून मापून.
ठरलेली उंची आली. मान वर केली.
दिवे नाहीत. काचेवर नुसतं दूध.
अजून थोडं खाली गेले तर दिसेल,
अजून थोडंसंच,
असं मी म्हणाले नाही. हात म्हणाले.
हातांना कळायच्या आत दुसऱ्या हातानं
थ्रॉटल पुढे रेटला आणि नाक वर.
कुटिन्हो काहीच बोलले नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं, पेन झटकून पुन्हा लिहिलं.

"उतरलीस का आज?" आई विचारते.
"नाही. परत वर गेले."
"एवढी फी भरून?"

रात्री तिला पलंगावर निजवते,
डॉक्टरणीनं दाखवल्याप्रमाणे मान कडेखाली सोडून,
डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत, उजवीकडे वळवलेलं.
केवढं जड. केसांना खोबरेल.
तिचे डोळे उघडे आहेत आणि थरथरतात,
एका बाजूला सरकतात, झटक्यानं परत येतात,
धक्का बसलेली सुई जागेवर यायला बघते तशी.
"सोडू नकोस हं."
"नाही सोडत. तीस सेकंद."
मी घड्याळाकडे बघते.
पाच मिनिटं पुढे आहे ते.
तीस सेकंद मात्र त्याच्यातही तीसच.